छोट्या हेलिकॉप्टरवरून थेट ४५० वर: मधली पायरी खरंच लागते का?

भिरभिरं (धागाकर्ता)

गेली दीड वर्षं रिमोटची हेलिकॉप्टरं उडवतोय. पहिलं सायमा एस१०७, एकावर एक दोन उलट फिरणारे पंखे असलेलं, हॉलमध्ये उडणारं. मग डब्ल्यूएलटॉईज व्ही९११, म्हणजे एक मोठा पंखा, शेपटीला छोटा पंखा आणि चार चॅनल, म्हणजे चार वेगळी नियंत्रणं. कोथरूडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आता ते डोळे मिटून उडवतो म्हटलं तरी चालेल. आठचा आकडा काढतो, नाक माझ्याकडे करून हवेत थांबवतो.

आता चिंचवडचे एक ओळखीचे त्यांचं अलाइन कंपनीचं टी-रेक्स ४५० विकतायत (४५०, ५००, ७०० हे आकाराचे वर्ग, आकडा मोठा तसं हेलिकॉप्टर मोठं). फ्लायबारवालं, म्हणजे पंख्याला स्थिर ठेवणारी आडवी दांडी असलेलं, शेपटीला बेल्ट, सोबत ट्रान्समीटर आणि तीन सेलच्या चार बॅटऱ्या. ज्याला विचारावं तो सांगतो, आधी एखादं छोटं कलेक्टिव्ह पिचचं, म्हणजे पात्यांचा कोन बदलून वर-खाली जाणारं घ्या, वर्षभर ते उडवा, मग मोठ्याकडे वळा.

मला हे पटत नाही. मोठं हेलिकॉप्टर वाऱ्यात स्थिर राहतं, लांबून दिसतं, हळू प्रतिसाद देतं. छोटं कलेक्टिव्ह पिच म्हणजे चिडलेली माशी. जे अवघड आहे त्यावर शिकून मग सोप्याकडे जायचं, हा उलटा प्रवास नाही का? पैसेही दोनदा जातात. माझं मत स्पष्ट आहे: व्ही९११ नीट येत असेल तर थेट ४५० घ्यावं. ज्यांना पटत नसेल त्यांनी कारणासकट सांगा.

पातीबदल

मोठं स्थिर असतं, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण तुमचा खरा बदल लहान-मोठ्याचा नाहीच. तो फिक्स्ड पिचवरून कलेक्टिव्ह पिचवर जाण्याचा आहे.

व्ही९११ मध्ये पात्यांचा कोन कायम असतो. वर जायचं तर पंखा जोरात फिरवायचा, खाली यायचं तर हळू. घाबरलात की तुम्ही ट्रान्समीटरची डावी काडी खाली ओढता, मोटर मंदावते, चाळीसेक ग्रॅमचं खेळणं टपकन पडतं, काही बिघडत नाही. दीड वर्षात ही ओढ तुमच्या अंगठ्यात मुरली आहे.

४५० मध्ये पंख्याचा वेग जवळजवळ सारखा राहतो आणि पात्यांचा कोन बदलतो. आयडल-अपमध्ये, म्हणजे काडी कुठेही असली तरी पंखा वेगात ठेवणाऱ्या अवस्थेत, तर काडी पूर्ण खाली म्हणजे उणे दहा अंशांच्या आसपास. घाबरून काडी ओढलीत की ते पडत नाही, पूर्ण ताकदीनं जमिनीत घुसतं. तिथे वाचवणारी गोष्ट म्हणजे मोटर तिथल्या तिथे बंद करणारा थ्रॉटल होल्डचा खटका, आणि तो तुमच्या बोटाला अजून माहीतच नाही.

आणखी एक. व्ही९११ चा वजनं लावलेला ४५ अंशांतला फ्लायबार त्याला आपोआप सरळ करतो. काड्या सोडल्या की ते सावरतं. ४५० चा फ्लायबार तसा नाही. तो हालचाल मऊ करतो, सरळ करत नाही. डावीकडे कललं की कललेलंच राहतं आणि घसरत जातं. तुम्ही आज जे थांबवणं म्हणता त्यातलं अर्धं काम यंत्र करतंय. हे कमी लेखायला लिहीत नाही. मी स्वतः व्ही९११ नंतर ४५० घेतलं होतं आणि पहिल्या अकरा सेकंदांत जमिनीवर आणलं. मुख्य पाती, मेन शाफ्ट, फेदरिंग शाफ्ट (पाती ज्यावर बसतात तो आडवा दांडा), टेल बूम (शेपटीची नळी), मुख्य गिअर, सगळं एका दमात गेलं.

मोशीकर

मी धागाकर्त्याच्या बाजूनं. मी तर थेट ५०० घेतलं, ४२५ मिलिमीटरच्या पात्यांचं, सहा सेलवर चालणारं, आणि आजही सांगेन की तोच निर्णय बरोबर होता.

लोक विसरतात की १९७० च्या सुमारास जर्मनीत डीटर श्ल्यूटरनं रेडिओवरचं हेलिकॉप्टर लोकांच्या हातात आणलं, तेव्हा तळहातावर मावणारी हेलिकॉप्टरं अस्तित्वातच नव्हती. इंजिनाची, मोठी, जड यंत्रं होती. लोक त्यावरच शिकले. मधली पायरी हा गेल्या पंधरा-वीस वर्षांतला बाजार आहे.

माझी पद्धत सांगतो. हेलिकॉप्टरच्या पायांखाली चार लांब काड्यांचा क्रॉस बांधायचा, टोकांना चेंडू. पहिले दोन महिने फक्त वीतभर उचलायचं आणि ठेवायचं. शेपूट माझ्याकडे. मग आडवं. नाक माझ्याकडे करायला मला पाच महिने लागले. एकही पातं तुटलं नाही. घाई केली नाही तर मोठं यंत्र फार माफ करतं.

टूलरूम_भोसरी

तीस वर्षं भोसरीत टूलरूममध्ये काढली, म्हणून लिहितो. कोण किती लवकर शिकेल यावर मला बोलायचं नाही.

४५० च्या रोटरचा व्यास साधारण ०.७ मीटर. २८०० आरपीएम धरा. टोकाचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या थोडा वर, म्हणजे ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास. आमच्या शॉपमध्ये इतक्या वेगानं फिरणाऱ्या वस्तूला गार्ड नसेल तर मशीन चालू करू देत नव्हतो. तुम्ही ते उघडं, खांद्याच्या उंचीवर, स्वतःच्या हातानं फिरवणार आहात.

मोशीकर म्हणतात मोठं माफ करतं. यंत्राला माफ करतं, माणसाला नाही. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं, आणि चुकीच्या क्षणी समोर येतं ते हेच वजन. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका बागेत १९ वर्षांचा मुलगा स्वतःच्याच मोठ्या रिमोट हेलिकॉप्टरचं पातं लागून जागीच गेला. तो नवशिका नव्हता, चांगला उडवणारा होता. ते ७०० च्या वर्गातलं होतं, ४५० नव्हे, हे मान्य. पण ४५० चं कार्बनचं पातं मनगटावर बसलं तर काय होईल हे मला हिशेब न करता कळतं. आमच्याकडे एका मुलाचं बोट सहा इंची ग्राइंडरनं गेलं होतं. त्या दिवशी रुमाल मी धरला होता. अजून आठवतं.

भिरभिरं

पातीबदल, अंगठ्याच्या सवयीचा मुद्दा मी खरंच विचारात घेतला नव्हता. काल रात्री ट्रान्समीटर बंद ठेवून नुसता हात चालवून पाहिला. दर वेळी डावा अंगठा आधी खाली जातो.

पण टूलरूमकाका, सुरक्षेच्या मुद्द्यानं मधली पायरी कशी सिद्ध होते? लहान कलेक्टिव्ह पिचवर वर्ष घालवलं तरी ४५० चं पातं तेवढ्याच वेगानं फिरणार.

टूलरूम_भोसरी

वेग तोच, पण तोपर्यंत तुमच्या शंभर चुका शंभर ग्रॅमच्या यंत्रानं झालेल्या असतील. शिकाऊ पोराला आम्ही आधी फाइल देतो, मग लेथ.

कर्वेनगर_आई

माझा मुलगा १५ वर्षांचा आहे, त्यालाही हेच वेड, म्हणून सगळं वाचतेय. मला एकच सांगा, हे तुम्ही उडवणार कुठे? पार्किंगमध्ये? आमच्या सोसायटीत संध्याकाळी सायकलवरची लहान मुलं, चालायला आलेले आजी-आजोबा, सगळे तिथेच असतात. चाळीस ग्रॅमच्या खेळण्याला मी कधी हरकत घेतली नाही. पाऊण किलोच्या यंत्राला घेईन, आणि तुमच्या सोसायटीतल्या आयाही घेतील. इथे सगळे पाती आणि सेल मोजतायत, जागेबद्दल कुणी बोलत नाही.

वाऱ्यावर

ताईंचा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा होता. पुण्यात ४५० साठी जागा हाच खरा अडथळा आहे. वेताळ टेकडीवर आणि तळजाईवर पहाटेपासून माणसं असतात, ती जागा बादच समजा. मैदानांवर रविवारी एकाच वेळी पाच-सहा क्रिकेटचे डाव. पूर्वेला लोहगावचा हवाई दलाचा तळ आणि विमानतळ, हडपसरला ग्लायडिंग सेंटर, पश्चिमेला एनडीए ही लष्करी प्रबोधिनी. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंत मायक्रो. रोटरवालं मॉडेलही त्यातच येतं. तुमचं ४५० बॅटरीसकट मायक्रोमध्ये जातं. हौसेसाठी मायक्रो उडवायला पायलट परवाना लागत नाही आणि मॉडेलला टाइप सर्टिफिकेटची, म्हणजे यंत्राच्या प्रकाराला सरकारी मंजुरीची अट नाही, पण डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा न बघता कुठेही बॅटरी जोडू नका. लाल भाग म्हणजे लाल.

मी पौडच्या पुढे एका शेतकरीदादांच्या रानात जातो, भात कापणी झाल्यावर. त्यांना विचारून, बांध सांभाळून. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी सात ते नऊ, वारा जवळजवळ नसतो. एप्रिल-मे मध्ये दुपारी उन्हाचे झोत उठतात, तेव्हा नवशिक्यानं पेटी उघडूच नये.

बाजू कुणाची घेऊ? दोघांचीही नाही. मधली पायरी लागते, पण ती विकतचं हेलिकॉप्टर असायला हवी असं नाही. सिम्युलेटर घ्या. नेक्स्ट घ्या किंवा रिअलफ्लाइट, पण स्वतःचा ट्रान्समीटर यूएसबीनं जोडून, म्हणजे काड्यांचा ताण आणि खटक्यांच्या जागा त्याच राहतील. रोज अर्धा तास. पहिला आठवडा फक्त एकच धडा: काहीही बिघडलं की थ्रॉटल होल्ड. हवेत असताना होल्ड मारून ऑटोरोटेशननं, म्हणजे मोटर बंद असताना नुसत्या हवेनं फिरणाऱ्या पात्यांवर उतरवायचं, ही कलेक्टिव्ह पिचची खरी देणगी आहे, फिक्स्ड पिचमध्ये ते होतच नाही. सिम्युलेटरवर तीनशे वेळा आदळा. पातं एकही विकत घ्यावं लागत नाही.

सुट्या भागांचाही विचार करा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुटे भाग आणता येतात, पण पार्सल येईपर्यंत हंगाम निघून जातो. मी एका फेदरिंग शाफ्टसाठी सहा आठवडे थांबलो होतो. जोडी घेऊन ठेवा.

पातीबदल

सिम्युलेटरला पूर्ण दुजोरा. तरी माझं मत थोडं वेगळं. सिम्युलेटरवर भीती नसते. हात थरथरत नाहीत. ज्याला पोटात गोळा म्हणतात तो खऱ्या यंत्राशिवाय येत नाही, आणि तो आल्यावर अंगठा काय करतो तेच शिकायचं असतं. म्हणून मी ओएमपीहॉबीचं एम१ हे छोटं कलेक्टिव्ह पिचचं हेलिकॉप्टर सुचवतो, रोटर २९० मिलिमीटर, वजन अडीचशे ग्रॅमच्या बरंच आत. भीती खरी, इजा कमी.

मोशीकर

भीती हवी असेल तर ४५० पुरेशी देतं. ते आहे, बॅटऱ्या आहेत, बेल्टची शेपूट आहे. शेपटीचा पंखा फिरवणाऱ्या टॉर्क ट्यूबपेक्षा (दांड्यापेक्षा) बेल्ट आपटल्यावर कितीतरी कमी खर्च काढतो. असं सेकंड हँड सोडू नका. टूलरूमकाकांचा पात्यांच्या धोक्याचा मुद्दा मात्र मानतो, मी सुरुवातीला पाच पावलांवर उभा राहायचो, आता पंधरा.

भिरभिरं

ठरवलं ते सांगतो. ४५० घेतोय, कारण ते परत मिळणार नाही. पण ते लगेच उडणार नाही. आधी त्याचा ट्रान्समीटर सिम्युलेटरला. नोव्हेंबरपर्यंत चाळीस तास, वहीत नोंद करून. पार्किंगमध्ये ४५० ची बॅटरी कधीच जोडणार नाही. कर्वेनगर ताई, हे मी इथे सगळ्यांसमोर लिहून देतो. भातकापणी झाली की वाऱ्यावर यांच्यासोबत पौडला, काड्यांचा क्रॉस बांधून, कार्बनऐवजी लाकडी पाती लावून.

एम१ बद्दल अजून मन बनलेलं नाही. मधली पायरी लागते हे मान्य, पण ती विकत घ्यावीच लागते हे अजून मानत नाही. चाळीस तासांनंतरही अंगठा आधी खाली गेला तर पातीबदल बरोबर, आणि मग घेईन.

एक प्रश्न. जुनं हेलिकॉप्टर आणताना काय तपासू?

पातीबदल

बॅटरी फुगलेली असेल तर हातही लावू नका. एका सेलचा व्होल्टेज इतरांपेक्षा खूप वेगळा दिसला तरी नको. सर्व्हो, म्हणजे पात्यांचा कोन हलवणाऱ्या छोट्या मोटरी, हातानं हळू फिरवून बघा, दात तुटला असेल तर अडकल्यासारखं लागतं. स्वॅशप्लेट (सर्व्होची हालचाल पात्यांपर्यंत नेणारी तबकडी) आणि तिचे जोड, म्हणजे बॉल लिंक, ढिल्या आहेत का ते बघा. आणि फेदरिंग शाफ्ट काढून काचेवर घरंगळवा. वाकलेला असेल तर टकटक आवाज येतो.

टूलरूम_भोसरी

काचेवर ढोबळ कळतं. शाफ्ट दोन्ही घेऊन या, मेन आणि फेदरिंग. घरी व्ही-ब्लॉक आणि डायल गेज आहे, रनआउट, म्हणजे फिरताना शाफ्ट किती डगमगतो ते, मोजून देतो. ऍलन की माझ्याकडे आहेत. पाती मात्र काढूनच आणा.

कर्वेनगर_आई

काका, मुलाला घेऊन मीही येऊ का? त्याला तो डायल बघायचाय.

टूलरूम_भोसरी

या की. रविवारी अकराला.