बाबांची ९८ ची मारुती ८०० सात वर्षं उभी आहे, परत रस्त्यावर आणायचीये, सुरुवात कुठून करू?

कर्वेनगरकर

नमस्कार मंडळी. बाबांची मारुती ८०० आहे, १९९८ ची, पांढरी, कार्ब्युरेटरवाली. २०१८ ला बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून सोसायटीत आंब्याखाली उभी आहे, वर कव्हर घातलेलं. २०२० ला बाबा गेले आणि मग त्या गाडीकडे बघायलाच नको वाटायचं, आई सकाळी फिरायला निघाली की कव्हरवरची पानं झाडायची, तेवढंच काय ते. आता तिनेच विषय काढलाय, म्हणते विकू नको, भंगारात तर मुळीच नको, चालू कर आणि मला एकदा त्याच गाडीतून जेजुरीला ने. गाडी घेतल्यावर पहिली फेरी खंडोबालाच झाली होती, मी तेव्हा पाचवीत होतो आणि मागच्या सीटवर माझ्या हातून भंडारा सांडला होता. परवा आतून साफ करायला घेतली तर सीटच्या शिवणीत अजून पिवळं आहे.

सध्याची परिस्थिती अशी की चारही टायर बसलेत, बॅटरी गेलीये, हँडब्रेक ओढलेला होता तो खाली केला पण गाडी ढकलून हलत नाही. टाकीत थोडं पेट्रोल आहे, झाकण उघडलं तर पेट्रोलचा वास नाही, वॉर्निशसारखा काहीतरी वास येतो. पासिंग २०१८ लाच संपलं, इन्शुरन्स पण, आरसी अजून बाबांच्या नावावर. मित्र म्हणतोय शनिवारी जंप केबल घेऊन येतो, त्याच्या गाडीवरून स्टार्टर मारून बघू, लागली तर लागली. बघू का असं? की आधी दुसरं काही करावं लागतं?

पेठेतला_मेकॅनिक

दादा शनिवारी स्टार्टर अजिबात मारू नका, एवढं एक ऐका. मित्राला चहाला बोलवा पण केबल घरी ठेवून यायला सांगा.

सात वर्षात सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल सगळं खाली उतरलेलं असतं, पिस्टनच्या रिंगा कोरड्या असतात, कधी कधी हलकासा गंज धरून रिंग भिंतीला चिकटलेली असते. अशात स्टार्टरने झटका दिला की रिंग तुटते नाहीतर भिंतीवर चरा पडतो आणि मग जे काम हजार-दोन हजारात झालं असतं त्याचं बोअरिंग-पिस्टन, म्हणजे सिलेंडर घासून नवे पिस्टन, होऊन बसतं. आणि दुसरं, ते वॉर्निशच्या वासाचं पेट्रोल पंपाने ओढून कार्ब्युरेटरमध्ये नेलं की पेट्रोल सोडणारी बारीक भोकं म्हणजे जेट चोकअप, पेट्रोल अडवणारी नीडल चिकटली, सगळं परत उघडा.

आधी बॉनेट उघडा आणि काहीही न करता नुसतं दहा मिनिटं बघा. एअर फिल्टरचा डबा उघडा, आंब्याखाली उभी आहे म्हणताय तर उंदराचं घर असायची दाट शक्यता आहे. वायरिंग बोटाने चाचपत जा, कुरतडलेली वायर डोळ्याला पटकन दिसत नाही, हाताला लागते. काचेच्या खाली जाळी असते तिथे पानं कुजून माती झालेली असते, ती काढा नाहीतर पाणी आत उतरून पायाखालचा पत्रा खातं. मॅट उचलून पत्रा बघाच. इंजिन तीन सिलेंडरचं ७९६ सीसी, त्याचा पार्ट न् पार्ट मिळतो, पण पत्रा गेला असला तर खर्चाचं गणितच बदलतं, म्हणून तो आधी बघायचा.

मग तिन्ही प्लग काढा. नवीन इंजिन ऑइल घ्या, प्रत्येक होलमध्ये दोन चमचे सोडा, वर फडकं ठेवा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. घाई करू नका. दोन दिवसांनी मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, पुढचं एक चाक जॅकवर घ्या, जॅकच्या भरवशावर राहू नका, खाली लाकडाचा ठोकळा पण द्या. गिअर चौथा टाका आणि चाक हाताने हळूहळू पुढे फिरवा. गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे त्यामुळे चाकाबरोबर इंजिन फिरतं. फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर जोर लावू नका, परत ऑइल सोडा आणि अजून दोन दिवस थांबा. आधी खात्री करा की ते चाक ब्रेकला धरलेलं नाहीये, नाहीतर इंजिन जाम समजाल आणि जाम असेल ब्रेक.

एवढं करा आणि इथे सांगा, पुढचं मग बोलू.

धायरीची_फियाट

मेकॅनिकदादांनी इंजिनाचं सांगितलंय त्यात मला भर घालायची गरज नाही, मी फक्त ब्रेकचं सांगते कारण मी त्यातून गेलेय.

आमच्या आजोबांची प्रीमियर पद्मिनी होती, चारही चाकांना ड्रम ब्रेक. आम्ही तीन महिने खपून इंजिन चालू केलं, काय आनंद झाला होता, सगळे खाली जमले आणि मी उत्साहात सोसायटीत एक चक्कर मारायला निघाले. पेडल पहिल्यांदा दाबलं तेव्हा कडक लागलं म्हणून निर्धास्त होते. दुसऱ्या वळणावर दाबलं तर थेट फळीला टेकलं. काहीच नाही. समोर खाली मुलं क्रिकेट खेळत होती. हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला आणि गाडी झाडाच्या कठड्याला घासून थांबली. नंतर उघडून बघितलं तर मागच्या व्हील सिलेंडरचं रबर वाळून फाटलं होतं, सगळं ऑइल ड्रममध्ये. ते पेडल कडक लागण्याला काही अर्थ नसतो, जुनं रबर पहिल्या दाबाला टिकतं आणि मग जातं.

तेव्हा कर्वेनगरकर, इंजिन चालू व्हायच्या आधी ब्रेक. तुमच्या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत, मागचे लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारे पट्टे, ड्रमला चिकटलेले असणार म्हणूनच गाडी हलत नसेल. व्हील सिलेंडर, मास्टर सिलेंडरची किट, चाकाजवळच्या रबरी नळ्या हे सगळं नवीन, बघून ठरवू वगैरे नको. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, सात वर्षांचं ऑइल सगळं काढून टाका. नाना पेठेत हे सगळं मिळून जाईल. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी हँडल, काचेची क्लिप, ट्रिम असलं घ्या बिनधास्त, पण ब्रेकचा पार्ट तिथून कधीही घेऊ नका.

आणि आईंना जेजुरीला न्यायचंय ना? येताना दिवे घाटाचा उतार आहे. त्या उताराचा विचार करून ब्रेकचं काम करून घ्या.

हडपसर_९१

प्रामाणिकपणे सांगतो, राग मानू नका. एवढा खर्च करून हातात येणार काय, तर एअरबॅग नसलेली सत्तावीस वर्षांची गाडी. सरकारमान्य स्क्रॅप सेंटरला द्या, सर्टिफिकेट मिळतं, नवीन गाडीच्या टॅक्समध्ये सवलत मिळते, आईंना नव्या गाडीतून जेजुरीला न्या.

कर्वेनगरकर

राग नाही, बायको पण हेच म्हणत होती. पण रोज चालवायला गाडी आहे घरात, ही त्यासाठी नाहीये. आई चौऱ्याहत्तरची आहे आणि बाबा गेल्यापासून तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट आहे, तेव्हा ते ठरलं.

अपडेट देतो. मित्राची केबल आली नाही. एअर फिल्टरच्या डब्यात खरंच उंदराचं घर निघालं, आमच्याच जुन्या पायपुसण्याच्या चिंध्या आणि सुतळी. हेडलाइटला जाणारी एक वायर अर्धी खाल्लीये, बाकी चाचपून बघितली, ठीक वाटली. पत्रा ड्रायव्हरच्या पायाखाली गंजलाय पण स्क्रूड्रायव्हर टोचला तर आरपार गेला नाही, डावीकडे चांगला आहे. ऑइल सोडून दोन दिवस ठेवलं, चाक फिरवलं, काही नाही. परत सोडलं. आज सकाळी जोर न लावता नुसतं पुढे-मागे करत होतो आणि एकदम सुटलं, आतून सुस्कारा टाकल्यासारखा हवेचा आवाज आला प्लगच्या होलमधून. तीन वेळा फिरवलं, अडकत नाहीये कुठे. आई वर गॅलरीतून बघत होती.

अजून एक सापडलं. डॅशबोर्डच्या कप्प्यात बाबांची छोटी डायरी. प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की तारीख, किलोमीटर, किती लिटर, सगळं निळ्या पेनने. सर्व्हिसचं लाल पेनने. शेवटची लाल नोंद जानेवारी २०१७, ऑइल आणि फिल्टर. त्याआधी २००९ ला लिहिलंय "टायमिंग पट्टा बदलला". तो पट्टा म्हणजे महत्त्वाचा का?

पेठेतला_मेकॅनिक

वडिलांनी फार मोठं काम करून ठेवलंय तुमचं. महत्त्वाचा म्हणजे काय, इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या वेळेशी जुळवून उघडझाप करायला लावतो तो हा पट्टा, स्टार्टर मारायच्या आधी तोच बदलायचा. २००९ चा पट्टा म्हणजे किलोमीटर कमी झाले असले तरी सोळा वर्षांचं रबर आहे, आणि उभ्या गाडीत तो पुलीवर एकाच जागी वाकून बसलेला असतो, तिथेच तडकतो. पट्ट्याबरोबर तो ताणून धरणारं टेन्शनर बेअरिंग पण बदला. वॉटर पंपाला हात लावून खेळ आहे का तेही तेव्हाच बघून घ्या.

इंजिन सुटलं ही चांगली बातमी. आता जुनं ऑइल काढा, खाली काय येतंय ते बघा, दुधाळ आलं तर पाणी शिरलंय, तसं असेल तर थांबा आणि मला सांगा. काळं आलं तर काही नाही, नवीन ऑइल आणि फिल्टर टाका, तीन लिटरचा कॅन पुरतो. टाकी खाली उतरवून धुऊन घ्यावीच लागेल, आतून गंज असला तर फिल्टर दर आठवड्याला चोक होईल. कार्ब्युरेटर उघडून किट टाकायचं आणि पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या नवीन टाकायच्या, त्यात कंजूषी नको. हल्ली पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल, तुमच्या गाडीच्या काळात ते नव्हतं. जुनं रबर त्यात फुगतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून टाकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची नाही. इथेनॉल चालेल अशाच नळ्या मागा, दुकानदाराला कळतं.

पहिल्यांदा चालू करताना टाकीवर नका करू. प्लग काढलेले असतानाच दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावा, पंपाची नळी छोट्या डब्यातल्या ताज्या पेट्रोलमध्ये सोडा आणि मग मारा. धूर येईल, निळा-पांढरा, घाबरू नका, सिलेंडरमध्ये सोडलेलं ऑइल जळतंय. पाच मिनिटांनी पण निळाच राहिला तर मग बोलू. रेडिएटरचा फॅन लागतोय का त्यावर लक्ष ठेवा.

आरटीओची_कामं_करणारा

कागदांचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, कारण लोक गाडी पूर्ण करून घेतात आणि मग आकडा बघून बसतात. गॅरेजला पैसे द्यायच्या आधी परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून किती भरायचंय ते बघा. २० वर्षांवरच्या कारची रिन्युअल फी २०२५ पासून १०,००० आहे, आणि वेळेत न केलेल्या रिन्युअलला महिन्याला ५०० जादा लागतात, हा नियम एप्रिल २०२२ पासूनचा. तुमचं पासिंग २०१८ ला संपलंय तेव्हा हा आकडा मोठा निघू शकतो. त्यात पर्यावरण कर वेगळा.

आरसी वडिलांच्या नावावर आहे तर ती तुमच्या नावावर करायला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, आई आणि भावंडं असतील तर त्यांचं संमतीचं अ‍ॅफिडेव्हिट. रिन्युअलला फॉर्म २५. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी म्हणजे एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागणार, कारला ७४५ अधिक जीएसटी, ती नसली तर बाकीची कामं अडतात. इन्शुरन्स निदान थर्ड पार्टी आधी काढून घ्या, १००० सीसीच्या आतल्या गाडीला २०९४ अधिक जीएसटी. पीयूसीला तुमच्या काळातल्या पेट्रोल गाडीला धुरात सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, ३ टक्क्यांपर्यंत चालतो, कार्ब्युरेटर नीट सेट केला की बसते त्यात.

इन्शुरन्स आणि पासिंग नसताना "गॅरेज जवळच आहे" म्हणून चालवत नेऊ नका. काही झालं, कोणाला लागलं, तर सगळं तुमच्या अंगावर येतं. फ्लॅटबेड बोलवा.

कर्वेनगरकर

साइटवर बघितलं. आकडा मोठाच आहे, पण बहिणीशी बोललो, ती म्हणाली अर्धे मी देते, गाडी तिची पण आहेच. संमतीचं अ‍ॅफिडेव्हिट पुढच्या आठवड्यात करतोय. ऑइल काढलं, काळं आलं, दुधाळ नाही. मागचे ड्रम उघडायला घरी जमत नाहीये, लायनर फार घट्ट धरलेत, म्हणून रविवारी सकाळी सातला फ्लॅटबेड सांगितलाय. मेकॅनिकदादा, तुम्ही सांगितलेलं सगळं कागदावर लिहून गॅरेजवाल्याला देतोय, पट्टा आणि नळ्या सगळ्यात वर. आईने एकच निरोप दिलाय, मागची सीट गॅरेजमध्ये धुऊ देऊ नको.

पेठेतला_मेकॅनिक

मग सीट गॅरेजला पाठवूच नका. पत्रा साफ करून प्रायमर मारायला मॅट आणि सीट तशीही काढावी लागणार आहे, शनिवारी काढा आणि घरी ठेवून द्या, तिथे सगळ्यांचे ऑइलचे हात लागतात. बोल्ट काढायच्या आधी गंजाचा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, नाहीतर तुटतील. आणि ते बोल्ट एका डब्यात, डब्यावर नाव लिहून.