रशिया २०१८: वर्ल्डकप आणि धर्मप्रचाराचा कायदा

प्रश्न: रशिया तर ख्रिस्ती देश, ऑर्थोडॉक्स चर्च सरकारच्या जवळचं. मग २०१८च्या फुटबॉल वर्ल्डकपला फॅन आयडीवर (तिकीट घेतलेल्या प्रेक्षकांचं ओळखपत्र) गेलेल्या परदेशी ख्रिस्त्यांना स्टेडियमबाहेर पत्रकं वाटायला अडचण काय होती?

प्रतिसाद १: अडचण जुलै २०१६च्या यारोवाया कायद्याची, म्हणजे धर्मप्रचारावरही निर्बंध आणणाऱ्या दहशतवादविरोधी कायद्याची. फॅन आयडीने व्हिसाशिवाय प्रवेश मिळे, प्रचाराची परवानगी नाही. त्यासाठी नोंदणीकृत धार्मिक संस्थेचं निमंत्रण हवं, आणि तेही संस्था जिथे नोंदलेली तेवढ्याच प्रदेशापुरतं. परदेशी माणसाला दंड ३० ते ५० हजार रूबल, वर हद्दपारीही होऊ शकते. संस्थेला १ लाख ते १० लाख.

प्रतिसाद २: लोक फसतात ते पत्रकावरच. त्यावर संस्थेचं पूर्ण अधिकृत नाव छापलेलं हवं. नुसतं लघुरूप चालत नाही, माल जप्त होतो. राहत्या घरात प्रार्थना चालते, प्रचार नाही. आता ही रेघ कुठे ओढायची, ते पोलीस ठरवणार! झळ मुख्यतः बाप्टिस्ट, पेंटेकोस्टल अशा छोट्या प्रोटेस्टंट गटांना. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथावर तर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७मध्येच देशभर बंदी घातली होती.

प्रतिसाद ३: शिवाय पुतिन यांचा मे २०१७चा हुकूम. २५ मे ते २५ जुलै २०१८ या काळात यजमान शहरांत खेळाशी संबंध नसलेल्या सभा-मोर्च्यांची जागा आणि वेळ आधी मंजूर करून घ्यावी लागे. सामन्याला जाताना गळ्यात क्रॉस घालायला मात्र कुणाची हरकत नव्हती.