विश्वास डळमळलाय, तरी प्रभुभोजन घ्यावं का?

पेटीवाली_नगर
सगळ्यांना जय ख्रिस्त. आमच्या मंडळीत रविवारच्या भक्तीला पेटी मी वाजवते, लग्न होऊन नगरला आले तेव्हापासून. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं झोपेतसुद्धा वाजवीन. पण बरेच महिने झाले, गाणं संपून प्रार्थना सुरू झाली की आतून काही हलतच नाही. कुणी वारलं नाही, नोकरी गेली नाही, घरात आजारपण नाही. त्यामुळे सांगायचं तरी काय? दुःख झालेल्याला मंडळी समजून घेते. मला मात्र "बायबल वाचतेस ना रोज?" एवढंच विचारतात. वाचते की, डबे भरून झाल्यावर! तरी देवाचं माझ्याकडे लक्ष आहे, असं आता छातीठोक सांगता येत नाही.

येत्या रविवारी प्रभुभोजन आहे, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. पाळकसाहेब दर वेळी १ करिंथ ११, म्हणजे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय, वाचतात, अयोग्य रीतीने भाकर खाऊ नका म्हणून. मागच्या वेळी पेटीचं निमित्त करून जागेवरच बसले. सासूबाईंच्या नजरेतून सुटलं नाही. घ्यावं की नको? आणि पेटी सोडावी का?

जागरण_प्रार्थना
ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मनात कबूल न केलेलं पाप असेल. तीन दिवस उपवास धरा. देव दूर जात नाही, आपणच जातो.

निवृत्त_पाळक
वरच्या बंधूंना विचारतो, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने कुठलं पाप लपवलं होतं? यार्देन नदीवर येशूकडे बोट दाखवणारा तोच. हेरोदाच्या तुरुंगात पडल्यावर त्यानेच निरोप धाडला, येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट बघायची? मत्तयाच्या शुभवर्तमानातला ११वा अध्याय काढा. येशू रागावला नाही. आंधळे बघतायत, लंगडे चालतायत, हे त्याला जाऊन सांगा म्हणाला, आणि लोकांसमोर योहानाला थोर म्हटलं. योहान सुटला नाही, त्याचं शिर उडवलं, हेही पुढे मत्तय १४ मध्ये लिहिलंय. देव विश्वासू आहे म्हणजे सगळं मनासारखं होणार, असं सांगणाऱ्यांपासून जपा.

आता करिंथ. पौल चिडलाय तो वेगळ्याच गोष्टीवर. खातेपिते लोक आधी जेवून घेत, गरीब उपाशी राहत. संशयाचा तिथे विषयच नाही. मत्तय २८ मध्ये तर पुनरुत्थित प्रभू समोर उभा, अकरा शिष्य नमन करतायत, आणि त्यातल्या काहींना संशय आहे. त्याने त्यांना बाजूला काढलं नाही. जाऊन शिष्य करा ही आज्ञा सगळ्यांना दिली, आणि "मी तुमच्याबरोबर आहे" हेही सगळ्यांनाच.

पेटी सोडू नका. मार्क २ मधल्या पक्षाघाती माणसाला छपरातून खाली सोडलं, तेव्हा येशूने त्याला आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला. सध्या मंडळीला तुम्हाला उचलू द्या.

वसईचा_पोरगा
आम्ही कॅथलिक, पण मुद्दा तोच. मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ साली बाहेर आली. कोलकात्यातलं काम सुरू झालं त्याच सुमारास त्यांच्या प्रार्थनेत अंधार पसरला आणि जवळजवळ आयुष्यभर राहिला. ही पत्रं नष्ट करा असं त्यांनीच सांगितलं होतं. पत्रं वाचूनही चर्चने २०१६ मध्ये त्यांना संत घोषित केलंच. पण हे सांगून कुणी तुम्हाला "मग तूही सोस" म्हणालं तर ऐकू नका. त्यांना निदान मन मोकळं करायला फादर होते. तुम्हाला कोण आहे?

पेटीवाली_नगर
पाळकसाहेब, मत्तय २८ कितीदा ऐकलंय, पण ते संशयवाले कधी कानात शिरलेच नाहीत. आत्ता उघडून पाहिलं, आहेत खरे.

वसईकर, तुमचा प्रश्न झोंबला. कुणीच नव्हतं. म्हणून काल भाकरी करताना सासूबाईंनाच सांगितलं. वाटलं, आता पाळकांपर्यंत जाणार. तर म्हणाल्या, "मला तर धाकटा झाल्यावर लई वर्षं असंच होतं. कुणाला सांगणार?" आणि तवा उतरवायला लागल्या.

रविवारी पुढे जाईन. पण गेले आणि काहीच वाटलं नाही तर?

निवृत्त_पाळक
तर नाही वाटलं. भाकर घ्या, जागेवर या, पुढचं भजन वाजवा. त्याने शब्द दिलाय, तो आपल्या वाटण्यावर टाकलेला नाही.

पेटीवाली_नगर
बरं. उपवासाचं मात्र जमणार नाही हो, ॲसिडिटी आहे.