तुंब्याशेजारी दुधी लावला, आता दुधी कडू निघतोय

परस_डिग्रज
नमस्कार मंडळी. कसबे डिग्रजला उसाला लागून घरामागचे सहा गुंठे माझ्याकडे आहेत. वांगी, घेवडा, दोडका, मांडवावर दुधी. गेल्या वर्षी जानेवारीत मिरजेच्या पाव्हण्यांकडून तुंब्याचं, म्हणजे वाळवून वापरतात त्या कडू भोपळ्याचं, बी आणलं आणि दुधीशेजारीच वेल चढवला. अकरा भोपळे आले. चार लवकर वाळले, त्यांचे आकाशकंदील केले. बारीक ड्रिलनं भोकं पाडली, आत छोटा बल्ब. दिवाळीत ओसरीला लावले तर भिंतभर नक्षी! सासूबाई कितीतरी वेळ बघत बसल्या. उरलेले सात मात्र जूनमध्ये गोठ्यात टांगले आणि सडले.

यंदा दुधीचं घरचंच बी लावलं. परवा भाजी केली, मुलीनं पहिलाच घास थुंकला. कडूजहर. सगळी भाजी टाकून दिली. यंदा तुंब्याचा वेल नाहीच, तरी असं का? मला खायचा दुधी पण पाहिजे आणि कंदिलाचा भोपळा पण.

कोरेगावकर
ताई, टाकलीत ते फार बरं केलंत. कडू दुधी शिजवला तरी त्यातलं विष जात नाही. उलट्या, जुलाब, कधी रक्ताच्या उलट्याही होतात. चिरताना देठाकडची कच्ची चकती जिभेला लावून बघत जा. कडू लागली की थुंकून चूळ भरा आणि अख्खं फळ टाका.

दोष गेल्या वर्षीचा आहे. तुंबा आणि दुधी एकाच जातकुळीचे. तुंब्याचा पराग दुधीच्या फुलावर पडला तरी त्या वर्षीचं फळ गोडच राहतं, संकर उतरतो बियांत. तेच बी तुम्ही लावलंत.

दोन्ही लावा, पण दुधीचं बी हातानं धरा. फूल संध्याकाळी उमलतं. त्याआधी त्याच संध्याकाळी उमलणाऱ्या नर आणि मादी कळ्यांची तोंडं दोऱ्यानं बांधायची. मादीच्या खाली इवलासा दुधी असतो, त्यावरून ओळखायची. दिवस मावळला की सोडून नराचा पराग मादीला लावायचा, पुन्हा बांधायचं, देठाला लाल दोरा. बी त्याच फळाचं. अर्थात बी खात्रीचं विकत आणून सुरुवात करा.

तुंबेवाला_मिरज
आमच्या गल्लीत तानपुऱ्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं निम्मं श्रेय मी त्या वेलांना देतो.

तुमचा काळ चुकला. पावसाळी हवेत भोपळा वाळत नाही. जून-जुलैत लावा, देठ वेलावरच वाळून तपकिरी होऊ द्या, मग देठासकट कापा. हिरवा तोडलेला कोवळा भोपळा आक्रसतो नाहीतर सडतो. वारा खेळेल अशा सावलीत, एकमेकांना न चिकटवता ठेवा, मधूनमधून फिरवा. वर बुरशी येईल, घाबरू नका, आतलं पाणी बाहेर पडतंय. बोट रुतलं तरच टाका. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की तयार. आणि गर खरवडताना तोंडाला रुमाल बांधा, ती धूळ घशाला लागते.

परस_डिग्रज
दादा, बुरशी बघूनच मी त्यातले तीन उकिरड्यावर टाकले होते. टणक होते हो ते. फार हळहळ वाटतेय.

मांडवावरचे सगळे वेल उद्या उपटते, ते बीही कुणाला देत नाही. शेजारच्या काकूंना मूठभर दिलं होतं, आत्ता त्यांच्याकडेच निघालेय.