प्रति: श्रद्धावान नेता आला की सगळं सुरळीत होईल?

ज्या पोस्टला हे उत्तर देतोय तिच्यात म्हटलंय की नेता देवभीरू असला तर तो वचनं पाळेल. मला हे पटत नाही, आणि कारण बायबलमध्येच आहे.

बायबलमधल्या ‘शास्ते’ या पुस्तकाच्या 9व्या अध्यायात योथामाने सांगितलेली गोष्ट आठवा. झाडं राजा शोधायला निघतात. जैतून, अंजीर, द्राक्षवेल तिघंही नकार देतात. आम्ही आमचं काम सोडून कशाला येऊ? शेवटी काटेरी झुडूप तयार होतं आणि म्हणतं, माझ्या सावलीत या! झुडपाची सावली ती केवढी? निवडणुकीतलं यापेक्षा नेमकं आश्वासन मी तरी वाचलेलं नाही. ही गोष्ट योथामाचा भाऊ अबीमलेख याला उद्देशून होती. त्याने सत्तर भावांना मारून गादी मिळवली आणि तीन वर्षांनी, ज्यांनी त्याला राजा केलं त्याच शखेम शहराची राखरांगोळी केली.

बरं, तो दुष्टच होता म्हणाल. मग इस्राएलचा राजा शलमोन घ्या. देवाकडे शहाणपण मागणारा, पण त्याच्या मृत्यूनंतर लोक त्याच्या मुलाकडे काय मागतात? बापाने लादलेलं जू हलकं कर.

म्हणून मतच देऊ नये, हे दुसऱ्या टोकाचं म्हणणंही मला मान्य नाही. येशूचा प्रेषित पौल याने बायबलमधल्या ‘रोमकरांस पत्रा’त अधिकाऱ्याला ‘देवाचा सेवक’ म्हटलं तेव्हा गादीवर रोमचा जुलमी सम्राट नीरो होता. सेवकाकडून हिशेब मागायचा असतो, उद्धार नाही. मी मत देतो, करही भरतो. जाहीरनामा मात्र पुढच्या निवडणुकीपर्यंत जपून ठेवतो.