मदत हवी आहे: ‘द एनेमी’ मालिका भाचीने कोणत्या क्रमाने वाचावी?

माझी भाची बारा वर्षांची आहे. चार्ली हिग्सनचं ‘द एनेमी’ (२००९) तिने झपाटल्यासारखं वाचून काढलं. लंडनमध्ये चौदा वर्षांवरचे सगळे एका रोगाने मेलेत किंवा मुलांनाच खाणारे झालेत. एका सुपरमार्केटमध्ये लपलेली मुलं तिथून बकिंगहॅम पॅलेसकडे निघतात. मीही वाचलं. भीतीपेक्षा मला जास्त भिडलं ते, मुलांनीच पहारे लावणं, अन्न वाटून घेणं आणि आपल्यातला कुणी गेला तरी पुढे चालत राहणं.

आता अडचण अशी, की दुसरं पुस्तक ‘द डेड’ वर्षभर मागे जातं, माणसंही वेगळी. तिला मात्र पहिल्या पुस्तकातल्या छोट्या सॅमचं पुढे काय होतं हेच हवंय. एकूण सात भाग आहेत. मधले सोडून सॅमच्या भागाकडे, म्हणजे चौथ्याकडे, थेट गेलं तर धागे तुटतील का?

दुसरं, पुढच्या भागांतली हिंसा या वयाला झेपेल का? आवडती पात्रं अचानक मरतात, त्याने ती दोन रात्री नीट झोपली नाही, पण पुस्तक सोडायलाही तयार नाही. तिच्याकडून ते काढून घ्यावं असं मला मुळीच वाटत नाही. मुलांसोबत ही मालिका वाचलेल्यांनी कृपया सांगा. मराठीत असं काही असेल तर तेही सुचवा.