स्वस्त मजुरी हे कारण पटत नाही

परदेशी कंपन्या चीनमध्ये ईव्ही (इलेक्ट्रिक गाड्या) बनवतात ते स्वस्त मजुरीसाठी असं तुम्ही वर लिहिलंय, पण मला नाही पटत. नुसती मजुरीच बघायची तर दुसरे देश होते की. बॅटरीपासून सॉफ्टवेअरपर्यंत सगळं आता चीनमध्येच मिळतं आणि गिऱ्हाईकही तिथलंच. २०१८ मध्ये चीनने ईव्ही बनवणाऱ्या परदेशी कंपन्यांवरची लोकल पार्टनर घ्यायची सक्ती काढली, मग टेस्लाने शांघायला जानेवारी २०१९ मध्ये बांधकाम सुरू केलं आणि वर्ष संपायच्या आत गाड्या बाहेर पण काढल्या, तेही पूर्ण स्वतःच्या मालकीच्या प्लांटमधून!

बाकीच्यांची गत मात्र वेगळी आहे. आधी चिनी कंपन्या यांच्याकडून शिकायच्या, आता उलटं झालंय: फोक्सवॅगनने २०२३ मध्ये एक्सपेंग या चिनी ईव्ही कंपनीमध्ये सुमारे ७० कोटी डॉलर घालायचं ठरवलं, टोयोटाच्या बीझेड३ या ईव्हीमध्ये तर बॅटरी बीवायडी या चिनी कंपनीची आणि मोटरही बीवायडीची. आणि ऑडीची ई५ स्पोर्टबॅक बघा एकदा, सायक या चिनी कार कंपनीबरोबर खास चीनसाठी केलेली, तिच्या नाकावर त्या चार रिंगा नाहीतच, नुसती इंग्रजीत ऑडी अशी चार अक्षरं. लहानपणापासून जी गाडी त्या रिंगांवरून ओळखत आलो तिचा असा फोटो बघून मला खरंच धक्का बसला.